गहाळ पानाचा प्रश्न

मोडलेली वस्तू पाहावयास माणूस समुद्र ओलांडून जातो, आणि तेथे पोचल्यावर ती मोडलेली आहे म्हणून कुरकुर करतो. क्रीट बेटावर एका सहलीबरोबर दोन दिवस हिंडताना हा विरोधाभास आम्ही इतक्या वेळा पाहिला, आणि खरे सांगावयाचे तर स्वतःच्या ठायीही अनुभवला, की त्यातून निघालेल्या प्रश्नाने परतल्यावरही आमची पाठ सोडली नाही. प्रश्न साधाच आहे. काळाने जे अर्धे नेले आणि अर्धे ठेवले, ते मागाहून आलेल्या माणसाने पुरे करावे काय? आणि करावयाचेच, तर कोणत्या अटीवर?

आमचा ताफा बेचाळीस जणांचा होता. पिरेअस बंदरातून रात्री सुटलेली बोट पहाटे हेराक्लिऑनला लागली, तेव्हा निम्मी मंडळी झोपेत आणि उरलेली चहाच्या विवंचनेत होती. तेथून क्नॉसॉस अवघ्या पाच किलोमीटरांवर. बसमधून उतरताच प्रत्येकाच्या कानात ऐकण्याचे एकेक यंत्र अडकविण्यात आले, आणि पिवळी छत्री उंच धरलेल्या गाईडबाईंच्या मागे आम्ही चालू लागलो. लेखक स्वतःला 'आम्ही' म्हणवितो तो केवळ संकेत असतो. सहलीतील 'आम्ही' मात्र अक्षरशः खरे असते. तेथे एकट्याला मागे रेंगाळता येत नाही, एकट्याला पुढे जाता येत नाही, आणि बेचाळीसांतील एकाची चप्पल तुटली तर साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा राजाही खोळंबून राहतो.

क्नॉसॉसचा राजवाडा प्रथमदर्शनीच चकित करतो, कारण तो उभा आहे. पडक्या वस्तूंची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना तेथे अचानक तांबडेलाल खांब दिसतात, वर जाड आणि खाली निमुळते होत गेलेले. त्यांना काळी शीर्षे आहेत, त्यांच्यामागे भिंतीवर उधळलेला बैल आहे, आणि मजल्यांमागून मजले उतरत जाणारा रुंद जिना आहे. हा राजवाडा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी जळाला असे कोणी सांगितले नाही, तर रंगारी कालच काम आटोपून गेले असावेत असे वाटेल. आणि ते फारसे चूकही नव्हे.

आर्थर इव्हान्स यांनी २३ मार्च १९०० रोजी येथे खणावयास प्रारंभ केला. त्यांच्याही आधी, १८७८ साली, मिनोस कालोकैरिनोस या स्थानिक व्यापाऱ्याने टेकडीत खणून कोठारांतील मोठाले रांजण उजेडात आणले होते. पण ज्याने जमीन विकत घेतली त्याच्याच नावावर शोध चढला. ग्रीक पुराणातला मिनोस राजा, त्याचा चक्रव्यूह, त्यात कोंडलेला अर्धा बैल व अर्धा माणूस, त्याच्या भक्ष्यासाठी अथेन्सहून येणारी सात मुले आणि सात मुली, ही कथा इव्हान्स मनात घेऊनच आले होते. सापडलेल्या संस्कृतीस त्यांनी जे 'मिनोअन' हे नाव रूढ केले, तेही त्या कथेतलेच. ते लोक स्वतःला काय म्हणवीत, हे आजतागायत कोणास सांगता आलेले नाही. म्हणजे पहिली पूर्तता नावापासूनच झाली.

पुढे भिंतींची पाळी आली. मूळ बांधकामात दगडांच्या जोडीला लाकूड फार होते. खांब लाकडाचेच, तुळयाही लाकडाच्या. आणि सारे लाकूड आगीत किंवा मातीत गेलेले. खणताना वरचा मजला खालच्या मजल्यावर बसू लागला. प्रथम लाकडी टेकू दिले, ते क्रीटच्या ओल्या हिवाळ्यांत कुजले. मग लोखंडी तुळया आल्या, आणि अखेरीस, विशेषतः १९२२ ते १९३० या वर्षांत, लोखंडी सळयांचे काँक्रीट आले. ते आल्यावर टेकूची गरज कोठे संपली आणि कल्पनेची हौस कोठे सुरू झाली, हे सांगणे कठीण होऊन बसले. इव्हान्स या कामास 'जीर्णोद्धार' म्हणत नसत. त्यांचा शब्द 'पुनर्घटना' अशा अर्थाचा होता. शब्द मोठा असला की काम मोठे वाटते, हा अनुभव सरकारी नोकरीत आम्हांसही आहे.

आमच्या ताफ्यात पुण्याच्या एक काकू होत्या. गुडघ्यांनी बेजार, पण जिज्ञासेने आम्हां सर्वांपेक्षा तरुण. भव्य जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून त्यांनी विचारले, "अहो, यातलं खरं कुठलं?" प्रश्न गाईडबाईंपर्यंत पोचविण्यात आला. त्या बाई विद्वान होत्या आणि प्रांजळही. त्या म्हणाल्या, "जेथे तांबडा रंग दिसेल तेथे इव्हान्स समजा, जेथे करडा दगड दिसेल तेथे मिनोअन. पण छायाचित्रे तुम्ही सारे तांबड्याचीच काढाल." आणि तसेच झाले. आमच्या स्वतःच्या अठरा छायाचित्रांपैकी चौदांत तांबडे खांब आहेत.

इव्हान्सच्या बाजूने जे बोलता येते ते आधी बोलले पाहिजे, कारण ते थोडे नाही. जिना सावरला नसता तर तो ढासळला असता. त्याच्या खालच्या भागांचे खोदकाम खाणीत बोगदे खणावेत तसे करावे लागले होते. आमच्याबरोबरचे एक निवृत्त अभियंते तावातावाने म्हणाले, की ज्या माणसाने स्वतःच्या खिशातून एवढे पैसे ओतले, त्याच्यावर काँक्रीटच्या रंगावरून टीका करणारांनी एक तुळई तरी उचलून पाहावी. हेही खरे. शिवाय काकूंसारख्या असंख्य माणसांस नुसता पाया पाहून काहीच दिसत नाही. विद्वानास दगडाच्या एका खाचेवरून दरवाजा दिसतो. सामान्य माणसास दरवाजा दिसण्यासाठी दरवाजाच लागतो. त्या सामान्य माणसावर इव्हान्सने उपकार केले, असेच म्हटले पाहिजे. काँक्रीटच्या त्या जिन्यावरून उतरताना काकू हळूच म्हणाल्या, "म्हणजे इथून बायका खाली यायच्या." त्यांच्या स्वरात जी आपुलकी होती ती कोणत्याही पायाच्या दगडाने निर्माण केली नसती.

पण आपुलकी ही सत्याची हमी नव्हे. राजवाड्यात एका भित्तिचित्राचे तुकडे सापडले होते. केशराची फुले वेचणारी एक निळी आकृती. इव्हान्सने तो निळा मुलगा ठरविला आणि त्याच्या चित्रकाराने तसा तो रंगवून पुरा केला. पुढे निकोलाओस प्लातोन या ग्रीक संशोधकाने दाखवून दिले, की तो मुलगा नव्हेच, ते माकड आहे. तुकड्यांत शेपटीचा पुरावा होता. 'लिलीपुष्पांचा राजपुत्र' म्हणून जे चित्र जगभर पोचले, मोरपिसांचा तुरा लावून ऐटीत चालणारा तो तरुण, त्याचे तुकडे एकाच आकृतीचे नसावेत, असे नंतरच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे. राणीच्या दालनातील डॉल्फिन मासे भिंतीवर पोहत आहेत; काहींच्या मते ते मूळचे जमिनीवरचे होते. आणि ते दालन राणीचे होते हे तरी कोणी सांगितले? इव्हान्सने. राजपुत्र नसलेला राजपुत्र, मुलगा नसलेला मुलगा! यांत लबाडी कोठेच नाही. उणीव सहन न होणाऱ्या एका प्रेमळ, श्रीमंत आणि घाईच्या माणसाचे हे काम आहे.

आम्ही दिल्लीत राहतो, आणि दिल्लीकरास हा प्रश्न घरचाच आहे. कुतुबमिनाराचा वरचा घुमट १८०३ च्या भूकंपात पडला. १८२८ साली मेजर रॉबर्ट स्मिथ यांनी त्या जागी बंगाली घाटाची एक छत्री चढविली. ती कोणासच पसंत पडली नाही. १८४८ मध्ये लॉर्ड हार्डिंज यांच्या आज्ञेने ती उतरविण्यात आली. पण फेकून दिली नाही. आजही ती तेथल्या हिरवळीवर उभी आहे, आणि मुले तिच्या सावलीत डबा खातात. चुकीची पूर्तता खाली उतरवून शेजारी ठेवावयाची, ही तोड आम्हांस फार समंजस वाटते. क्नॉसॉसमध्ये ती शक्य नाही. तेथे इव्हान्सला उतरवावयाचे तर मिनोसही बरोबर उतरेल.

जॉन मार्शल यांचेही येथे स्मरण होते. भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होण्यापूर्वी ते तरुणपणी ग्रीसमध्ये आणि क्रीटमध्ये उत्खननाचे धडे गिरवून आले होते. १९२३ साली त्यांनी आपल्या खात्यासाठी संवर्धनाची जी नियमपुस्तिका प्रसिद्ध केली, तिचा मथितार्थ असा, की जुनी वास्तू नवी करणे हे आपले पहिले कर्तव्य नव्हे, आहे ती राखणे हे आहे. नेमक्या त्याच वर्षांत क्नॉसॉसला काँक्रीट ओतले जात होते. एकाच मातीत शिकलेली दोन माणसे अशी दोन टोकांस गेली.

येथे कोणी म्हणेल, की आपल्या परंपरेत जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे. अहल्याबाई होळकरांनी देशभर जी देवळे पुन्हा उभारली, त्यांबद्दल आपण त्यांना दोष देतो की हात जोडतो? हात जोडतो, आणि जोडलेच पाहिजेत. पण देवळात देव नांदतो, तेथे रोज दिवा लागतो. ते पडले तर राहणाऱ्याचे घर पडले. खंडित मूर्ती पूजेस चालत नाही, म्हणून तिचे विसर्जन करून नवी बसवितात. ती जुनीच आहे असे कोणी म्हणत नाही. क्नॉसॉसमध्ये दिवा लावणारे कोणी उरलेले नाही. तेथे वास्तू राहण्यासाठी नसून साक्षीसाठी आहे; आणि साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घातले की साक्ष संपली. जिवंत घरास लागू असलेला न्याय साक्षीदारास लावता येत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

हे आम्ही तत्त्वज्ञ म्हणून म्हणत नाही. आमचा पेशा कारकुनाचा. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात फाईली हाताळण्यात आमची बारा वर्षे गेली, आणि गहाळ पान म्हणजे काय हे आम्हांस उत्खननकर्त्याइतकेच ठाऊक आहे. टिपणी लिहावयास शिकणाऱ्या कारकुनाने प्रथम क्रियापदे शिकावी लागतात. 'असे आहे', 'असे दिसते', 'असे कळते', 'असे गृहीत धरले आहे': बाहेरच्या माणसास ही चारही एकच वाटतात, पण फाईलीत त्यांच्यामध्ये चार भिंती असतात. एखादी फाईल हरवली आणि इतर कार्यालयांतील प्रतींवरून पुन्हा जुळविली, तर ती जुळविलेली आहे असे तिच्यावर लिहावे लागते. या शिस्तीस लोक लालफीत म्हणतात. आम्हीही एके काळी म्हणत होतो.

काही वर्षांपूर्वी सेवेत असतानाच वारलेल्या एका कर्मचाऱ्याची फाईल आमच्या मेजावर आली. सेवापुस्तकातली मधली दोन पाने नाहीशी झालेली, आणि त्यामुळे अठरा महिन्यांचा हिशेब लागेना. त्या अठरा महिन्यांवर ग्रॅच्युइटी एक पायरी वर की एक पायरी खाली, हे ठरावयाचे होते. त्याच्या पत्नीची ओढाताण आम्हांस समोर दिसत होती. दोन मुलांच्या शाळेच्या फीचे कागद त्या पिशवीत घालूनच येत. शेजारच्या मेजावरील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितले, की तो गृहस्थ त्या काळात रोज कामावर येत असे. आम्ही लिहिले, 'सदर कालावधीत कर्मचारी सेवेत हजर होता.' 'असे कळते' हे दोन शब्द आम्ही जाणूनबुजून गाळले. त्या दोन शब्दांपायी फाईल आणखी सहा महिने या खोलीतून त्या खोलीत फिरली असती, हे आम्हांस ठाऊक होते. रक्कम मंजूर झाली. त्या दिवशी घरी जाताना आम्ही स्वतःवर खूश होतो, हेही कबूल केले पाहिजे.

दीड वर्षाने दुसऱ्या शहरातल्या कार्यालयातून ती दोन पाने सापडून आली. अठरांपैकी अकरा महिने तो गृहस्थ बिनपगारी रजेवर होता, आणि ती रजा सेवेत धरण्याजोगी नव्हती. जादा दिलेली रक्कम हप्त्यांनी वसूल करण्याचा आदेश निघाला, आणि त्याचा मसुदा करण्याचे काम आमच्याकडेच आले. बाई कार्यालयात आल्या. आम्हांस वाटले होते त्या रडतील, निदान रागावतील. त्यांनी तसे काही केले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, की ठाऊक नव्हते तर ठाऊक नाही असेच लिहावयाचे होते. आम्ही थांबलो असतो.

क्नॉसॉसच्या त्या निळ्या मुलापुढे आम्हांस त्या बाई आठवल्या. दयेपोटी पोकळी भरणाराचा हेतू शुद्ध असतो. पण चूक उघडी पडते तेव्हा किंमत तो देत नाही, दुसरा कोणी देतो. आमच्या बाबतीत ती एका विधवेने दिली. इव्हान्सच्या चुकांची किंमत ज्यांनी दिली ते मिनोअन लोक तक्रार करावयास येऊ शकत नाहीत. त्यांचे माकड आपण मुलगा केले, त्यांची जमीन आपण भिंत केली. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याविषयी बोलताना अधिक जपून बोलावे, हा साधा सभ्यपणा आहे. मृतांच्या बाबतीत आपण तो नेमका विसरतो.

मग काय, पोकळी कधीच भरू नये? इतके कठोर होणे आम्हांस जमत नाही, आणि ते योग्यही वाटत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम अंगावर घेतले, आणि १९६६ साली ते तडीस नेले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहण्यात आली, आणि त्यांत एका श्लोकाचे दहा दहा पाठ! कोठे तरी निवड करावीच लागते, नाहीतर पान कोरे राहील. विष्णु सीताराम सुखठणकरांनी निवड केली. पण जो शब्द निश्चयाने मूळचा म्हणवत नव्हता, त्याच्याखाली त्यांनी एक नागमोडी रेघ ओढली. आणि टाकलेले पाठ फेकून न देता तळटीपांत जसेच्या तसे ठेवले. वाचणाऱ्यास श्लोक अखंड मिळतो, आणि आपण कोठे ठाम भुईवर आहो व कोठे लाकडी साकवावर, हेही कळते. त्या नागमोडी रेघेइतकी नीतिमान खूण आम्हांस दुसरी ठाऊक नाही. क्नॉसॉसच्या खांबांखाली ती नाही. गाईडबाईंच्या वाक्यात ती होती. पण एक वाक्य बेचाळीस कानांपर्यंत पोचेपर्यंत छत्री पुढच्या दालनात गेलेली असते.

त्या दिवशी दुपारी हेराक्लिऑनचे वस्तुसंग्रहालय झाले. राजपुत्र तेथे आहे, माकड आहे, सर्पधारिणी देवता आहेत. मंडळी त्यांच्याभोवती जमली. आम्ही मात्र एका कपाटापाशी अडकलो. आत मातीच्या काळपट पट्ट्या होत्या, बोटभर ते वीतभर लांबीच्या, आणि त्यांवर बारीक रेघांची अक्षरे. ही राजवाड्याची दप्तरे. त्या काळचे कारकून ओल्या मातीवर लिहीत आणि पट्ट्या तशाच वाळू देत. जुन्या पट्ट्या भिजवून पुन्हा मळीत. त्या टिकाव्यात असा कोणाचाच इरादा नव्हता. राजवाडा जळाला, त्या आगीत त्या भाजल्या, म्हणून राहिल्या. राजाचे सिंहासनगृह पुन्हा रंगवावे लागले. कारकुनाची टिपणी मात्र आगीनेच पक्की केली.

या लिपीची हकीकत आमच्या प्रश्नास जणू मुद्दाम जोडून दिली आहे. पट्ट्या सापडल्या १९०० साली. इव्हान्सने त्यांतल्या थोड्या छापल्या. बहुतेक तशाच पडून राहिल्या. ते १९४१ साली वारले, आणि क्नॉसॉसच्या पट्ट्यांचा मोठा संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला. ज्याने पोकळ्या भरण्याची इतकी घाई केली, त्यानेच भरलेली पाने चाळीस वर्षे मिटून ठेवली! दरम्यान अमेरिकेत ॲलिस कोबर ही प्राध्यापिका, हाती लागलेल्या मोजक्या पट्ट्यांवरून, प्रत्येक चिन्हाची नोंद चिठ्ठ्यांवर करून त्या सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवीत होती. भाषा कोणती असेल याचा तर्क करण्यास तिने निग्रहाने नकार दिला; शब्दांची रूपे कशी बदलतात तेवढेच ती मांडीत गेली. १९५० साली ती वारली. तिने रिकाम्या ठेवलेल्या जागांवर पाय ठेवूनच मायकेल व्हेंट्रिस हा तरुण वास्तुशिल्पी पुढे गेला. १९५२ साली ही भाषा ग्रीक असावी असा तर्क त्याने इतर अभ्यासकांकडे धाडलेल्या टिपणात मांडला, तोही निव्वळ हलकेफुलके विषयांतर म्हणून. इव्हान्सचा विश्वास नेमका उलटा होता. विषयांतर खरे ठरले. चार वर्षांनी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, व्हेंट्रिस मोटार-अपघातात गेला.

आणि पट्ट्यांत निघाले काय? महाकाव्य नाही, राजाज्ञा नाही. मेंढ्या, लोकर, तेल, रथांची चाके. एकट्या क्नॉसॉसच्या पट्ट्यांत ऐंशी हजार ते एक लाखाच्या घरात मेंढ्यांची मोजदाद आहे. बैलजोड्यांची नावे आहेत. एकाच्या नावाचा अर्थ काळ्या, दुसऱ्याचा पांढऱ्या पायांचा. ढवळ्या-पवळ्यांच्या देशातून आलेल्या माणसास हे वाचून काय वाटले असेल ते सांगावयास नको. एका पट्टीवर मधाची नोंद आहे: सर्व देवांस मिळून एक रांजण, आणि चक्रव्यूहाच्या स्वामिनीस एक रांजण. ज्या चक्रव्यूहासाठी इव्हान्सने एवढी वास्तू पुन्हा रचली, तो येथे जमाखर्चाच्या एका ओळीत निवांत बसलेला होता. लिहिणाऱ्याने नाव दिलेले नाही. एकानेही कोठे दिलेले नाही. हस्ताक्षरांच्या ढबीवरून अभ्यासकांनी साठांहून अधिक निरनिराळे लेखनिक ओळखले आहेत, आणि काही पट्ट्यांवर माती मळणारांच्या हातांचे ठसे उमटले आहेत. काचेस नाक लावून आम्ही तो ठसा शोधीत होतो, इतक्यात कानातील यंत्रातून आमच्या नावाचा पुकारा झाला.

दुसऱ्या दिवशी फैस्तोस. वाटेत गॉर्टिन येथे भिंतीवर कोरलेला कायदा पाहिला. त्याची एक ओळ डावीकडून तर पुढची उजवीकडून, नांगरट करणाऱ्या बैलासारखी वळत जाते. वारसा, घटस्फोट, गुलामांचे हक्क, सारे त्यात आहे. पण तेथे आम्ही वीसच मिनिटे होतो, त्यांपैकी दहा मिनिटे रांगेत.

फैस्तोसचा राजवाडा क्नॉसॉसचाच समकालीन. तोही १९०० सालापासूनच खणला गेला, पण खणणारे इटालियन होते. फेडेरिको हाल्बहेर आणि लुइजी पेर्निएर. त्यांनी डागडुजी केली, आधार दिले, पण मजले चढविले नाहीत, खांब रंगविले नाहीत. १९०८ साली तेथेच ती प्रसिद्ध मातीची तबकडी मिळाली, चकलीसारख्या वळत गेलेल्या शिक्क्यांची. ती वाचल्याचा दावा करणारे अधूनमधून निघत असतात. तबकडी गप्प आहे. राजवाडाही तसाच गप्प. रुंद पायऱ्या, फरसबंदी अंगण, खांबांच्या जागी गोल बैठका, आणि वर आकाश. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत क्रीटमधील मिनोअन राजवाड्यांची सहा स्थळे एकत्र दाखल झाली, त्यांत क्नॉसॉस आणि फैस्तोस शेजारी शेजारी आहेत. क्नॉसॉसच्या काँक्रीटलाही आता शंभर वर्षे होत आली. आतले लोखंड गंजून ते फुटते, आणि इव्हान्सच्या पूर्ततेचेच संवर्धन करण्याची पाळी आली आहे. फैस्तोसला ती अडचण नाही.

आमचा ताफा मात्र फैस्तोसवर नाराज झाला. अभियंते म्हणाले, "येथे पाहण्यासारखे काही ठेवलेलेच नाही." निम्मी मंडळी उपाहारगृहाकडे वळली. गाईडबाईंनी छत्री मिटली आणि अर्धा तास मोकळा दिला. रुंद पायऱ्यांवर काकू एकट्याच बसल्या होत्या, कानातले यंत्र काढून मांडीवर ठेवलेले. खाली मेसारा मैदानातली जैतुनाची झाडे वाऱ्याने चांदीसारखी उलटत होती. उत्तरेस इडा पर्वताच्या माथ्यावर मे महिन्यातही बर्फ होते.

"अहो," त्यांनी समोरच्या रिकाम्या चौथऱ्याकडे बोट दाखवून विचारले, "इथे काय होतं?"

इव्हान्स असता तर त्याने उत्तर दिले असते. आमच्याही जिभेवर एक आले होते, पुस्तकात वाचलेले, बऱ्यापैकी पटण्याजोगे.

"ठाऊक नाही, काकू."

काकूंनी मान डोलविली. मग पदराने पायरीवरची धूळ झटकली आणि थोडे सरकून आम्हांस बसावयास जागा करून दिली. बस सुटावयास अजून बारा मिनिटे होती.